कोरड्या बादशहाचा दुसरा भाग

१

बाजाराच्या दिवशी सोनपेठात दुकानांच्या फळ्या निघायच्या आधी तात्यारावांचा भोंगा बोलायला लागे. सायकलच्या कॅरेजवर बॅटरी, हँडलला बांधलेला भोंगा आणि तोंडाशी रुमाल गुंडाळलेला माईक. लग्न असो, जयंती असो, मोर्चा असो, की कुणाची म्हैस हरवलेली असो, गावाला कळायचं ते तात्यारावांच्या तोंडून. माणूस पंचेचाळिशीचा, अंगानं किडकिडीत, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीत निजवलेलं लेकरू उठून बसावं. त्याबद्दल बायका त्यांना शिव्या देत आणि बारशाला भोंगा मात्र त्यांचाच बोलावत.

त्यांचं खरं नाव झालं ते व्यंकटरावांच्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये. व्यंकटराव हैद्राबादहून जुने इंग्रजी सिनेमे मागवत. एसटीच्या टपावर लोखंडी पेटी येई. पण सोनपेठात इंग्रजी कळणार कुणाला? म्हणून पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात स्टूल टाकून तात्याराव बसत आणि चालू सिनेमात गोष्ट सांगत. इंग्रजी त्यांनाही येत नव्हतं. चेहरे बघायचे आणि सांगायचं. गोऱ्या बाईनं डोळे पुसले की हिचा भाऊ पुण्याला गेला तो परत आलाच न्हाई, आणि गोऱ्यानं पिस्तूल काढलं की बांधावरून भांडण लागलंय. लोक म्हणत, नुस्ता सिनेमा काय बघायचा, तात्याराव पायजे.

पंचाऐंशी साली एक सिनेमा आला होता. कुठल्या तरी वाळूच्या मुलखातला, हजारो वर्षांपूर्वी मेलेला राजा. तो दगडी पेटीतून उठतो, आणि टोप्या घातलेले गोरे त्याला पुन्हा वाळूत गाडतात. तात्यारावांनी त्याचं नाव ठेवलं कोरडा बादशहा. तो उठतो तेव्हा त्याचे गुलाम पालथे पडून काहीतरी पुटपुटतात. काय म्हणत असतील? तात्यारावांनी क्षणभर विचार केला आणि माईकवर म्हणाले, "जोहार मायबाप, जोहार!"

पुढं जमिनीवर बसलेली त्यांच्याच वस्तीतली माणसं पोट धरून हसली. म्हातारी तर जास्तच. गावच्या वतनदारापुढं वाकून हा शब्द म्हणण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं होतं. छप्पन साली धम्म घेऊन परतल्यावर तात्यारावांच्या वडलांनी अंगणात सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, हा शब्द आजपासून आपल्या घरात मेला. तेव्हापासून तो घरात कुणी उच्चारला नव्हता. मेलेल्या राजाला मेलेला शब्द द्यायचा आणि दोघांची मिळून टर उडवायची, एवढाच तात्यारावांचा बेत. बेत जमला म्हणून ते महिनाभर खूश होते.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात व्यंकटराव हसत हसत सांगत आले, "तात्याराव, तुमचा बादशहा परत यायलाय. दुसरा भाग आलाय."

२

पत्र्याचं टॉकीज म्हणजे एक लांबट शेड. भिंती काळ्या, खिडक्यांना गोणपाट. पुढं जमीन, मागं खुर्च्या, उजव्या हाताला कमरेएवढ्या भिंतीपलीकडं बायका. तीनच्या खेळाला पत्रा इतका तापे की मधूनच आपोआप टण्‌ वाजे आणि नवखा माणूस दचकून वर बघे. घाम, विडी, भुईमुगाची टरफलं, सगळ्यांचा मिळून एक वास. तात्यारावांना तो वास घरच्यासारखा वाटे.

पहिल्या खेळाला टॉकीज गच्च भरलं. बायकांच्या बाजूला त्यांची मुलगी संघमित्रा बसली होती. घरात सगळे तिला मित्रा म्हणत. बारावी झालेली, बापाचा आवाज घेतलेली. गेल्या साली नामांतराच्या मोर्चात घोषणा हिनंच दिल्या होत्या, तात्यारावांच्याच माईकवर, आणि फौजदारानं माईक मागितला तेव्हा दिला नव्हता. येत्या सोमवारी परभणीला तिची डी.एड.ची मुलाखत होती. वस्तीतली पहिली मास्तरीण होणार म्हणून तात्याराव आत्तापासूनच फुगून चालत होते.

मध्यंतरानंतर बादशहा उठला. पेटीचं झाकण सरकलं, पट्ट्या गुंडाळलेला हात बाहेर आला, मग तो उभा राहिला. पहिल्या भागापेक्षा उंच वाटला. गुलाम पालथे पडले, त्यांची तोंडं उघडली, आणि सिनेमाचा आवाज गेला. संगीत नाही, वारा नाही, काही नाही. मागं मशीनची घरघर तेवढी.

किशनरावाच्या मशीनमधला आवाजाचा दिवा, ज्याच्या उजेडावर फितीतला आवाज निघतो तो, गेला असणार, असं तात्यारावांना वाटलं. किशनराव म्हणजे व्यंकटरावांचा ऑपरेटर. आवाज गेला की वेळ मारून न्यायची हे तात्यारावांचं कामच होतं. त्यांनी माईक उचलला आणि गेल्या सालासारखं, तसाच सूर काढून म्हणाले, "जोहार मायबाप, जोहार!"

कोणी हसलं नाही.

गुलाम पडद्यावर उजव्या बाजूला होते. बादशहानं त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यानं मान डावीकडं वळवली, खाली, त्या कोपऱ्याकडं जिथं एक स्टूल होतं. त्याची नजर तिथं थोडी थांबली. मग आवाज परत आला, घोडे धावायला लागले, आणि तात्यारावही धावत्या घोड्यांबरोबर पुढं सांगत सुटले. उन्हाळा आहे, पोटात काही नाही, असं त्यांनी मनाला सांगितलं.

खेळ सुटल्यावर ते नेहमीप्रमाणं दारात उभे राहिले. लोक बाहेर पडत होते. तापलेल्या मातीवर पाय ठेवताना काहीजण ते पटकन उचलत होते, आणि तात्यारावांच्या लक्षात यायला वेळ लागला की ते अनवाणी आहेत. पायातल्या वहाणा त्यांनी हातात धरल्या होत्या. सगळ्यांनी नाही. खुर्चीवाल्यांनी नाही, जमिनीवरच्या इतरांनीही नाही. फक्त वस्तीतल्या माणसांनी.

"काय रे, पाय भाजत न्हाईत काय?" त्यांनी एकाला विचारलं. त्यानं हाताकडं बघितलं, ओशाळून हसला आणि वहाणा पायात घातल्या. "ध्यानातच न्हाई राहिलं बगा," म्हणाला.

मित्रा बायकांच्या दारातून आली. तिच्याही हातात चपला होत्या. तिनं त्या घातल्या नाहीत.

३

घरी जाताना तात्याराव सायकल ढकलत होते आणि मित्रा शेजारी चालत होती. शेजारी म्हणजे दोन पावलं मागं. समोरून कुणीतरी अनोळखी मोटारसायकलवाला आला. रस्ता चांगला रुंद होता, तरी मित्रा उतरून गटाराच्या कडेला उभी राहिली आणि तो जाईपर्यंत खाली बघत राहिली.

"मित्रे, काय झालं?"

"कुठं काय, दादा?"

दारात तिनं चपला भिंतीशी ठेवल्या आणि आत न येता उंबऱ्याच्या बाहेर टेकली. गीताबाईंनी, तिच्या आईनं, पाण्याचा तांब्या पुढं केला. रोज ही पोरगी उभ्याउभ्या तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायची आणि निम्मं पाणी अंगावर सांडायची. आज तिनं तांब्या घेतला नाही. दोन्ही हातांची ओंजळ केली, तोंडाशी नेली आणि वरून पाणी पडायची वाट बघत बसली.

चुलीपुढून तात्यारावांची आई, कुसुमबाई, हे बघत होती. म्हातारीची भाकर तव्यावर जळाली तरी तिला समजलं नाही.

"हे तिला कुनी शिकीवलं?" तिनं विचारलं.

"काय शिकीवलं, आई?"

"म्या न्हाई शिकीवलं. तुला बी न्हाई शिकीवलं. आता माजेच हात इसरले व्हते, तात्या."

गीताबाई म्हणाल्या, मुलाखतीचा घोर असेल, पोरी असल्या वेळी कशाही वागतात. तात्यारावांना ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. ज्या घरात अंगारा नाही, उतारा नाही, भुताखेताचं नाव काढलं की हसतात, त्या घरात दुसरं काय म्हणायचं? आणि समजा मानलं तरी, कापडावर पडणाऱ्या उजेडाचं भूत कुठं असतं? त्यांनी स्वतःच स्वतःला हे ठणकावून विचारलं. रात्री जेवायला मात्र मित्रा सगळ्यांचं झाल्यावर बसली, आणि दाराकडं तोंड करून बसली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मशीनच्या खोलीत चढले. किशनराव फीत गुंडाळत होता.

"आवाजाचा दिवा बदललास का?"

"दिव्याला काय धाड भरलीय? दिवा ठणठणीत हाय. तुमीच बगा."

त्यानं तो तुकडा काढून खिडकीच्या उजेडात धरला. भोंग्याच्या धंद्यामुळं तात्यारावांना एवढं ठाऊक होतं की फितीच्या कडेनं आवाजाची एक नागमोडी रेघ जाते. रेघ होती. बादशहा उभा राहतो तिथं ती सरळ झाली होती, आणि घोडे धावायला लागतात तिथून पुन्हा नागमोडी. फीत तोडून जोडलेली नव्हती, खरचटलेली नव्हती. बनवतानाच तेवढी जागा मोकळी सोडल्यासारखी.

"परदेशी लोकं," किशनराव म्हणाला. "करत असतील कायबी."

तात्यारावांनी तुकडा डोळ्याजवळ नेला. नखाएवढ्या चौकटीत नखाएवढा बादशहा. तो समोर बघत होता. पुढच्या चौकटीत समोरच. त्याच्या पुढच्या चौकटीतही. डावीकडं त्यानं मान कुठंच वळवलेली नव्हती.

"काल त्यानं इकडं बघितलं," तात्याराव म्हणाले.

"कुनी?"

"काही नाही."

खाली येऊन ते रिकाम्या टॉकीजमध्ये उभे राहिले. दिवसाउजेडी, पण आत अंधारच. पडद्यामागच्या कर्ण्यातून बारीक गुणगुण येत होती. अॅम्प्लिफायर चालू राहिला असेल म्हणून ते कोपऱ्यात गेले. बटण बंद होतं. त्यांनी वायर उपसली. गुणगुण थांबली नाही. नीट कान दिल्यावर ती गुणगुणही वाटेना. कुणीतरी समोरच्याच्या बोलण्याची वाट बघताना नाकानं श्वास सोडतं, तसं काहीसं ते होतं. पत्रा टण्‌ वाजला आणि तात्याराव बाहेर आले. उन्हात आल्यावर त्यांना स्वतःचा राग आला. इतके दिवस भोंगे दुरुस्त करणारा माणूस कर्ण्याला घाबरतो म्हणजे कमाल झाली.

५

त्या दिवशीच्या खेळाला त्यांनी मनाशी ठरवलं, तिथं गप्प बसायचं. जागा मोकळी आहे ना, मग राहू दे मोकळी. मित्राला त्यांनी घरीच ठेवलं होतं.

बादशहा उभा राहिला. गुलामांनी तोंडं उघडली. आवाज गेला. तात्यारावांनी माईक मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात त्यावर दाबून धरले.

काल ही जागा एवढी लांब नव्हती. मशीन घरघरत होतं, फीत चालत होती, आणि बादशहा उभा होता. गुलाम उठले नाहीत. घोडे आले नाहीत. पुढच्या जमिनीवर कुणाचं तरी डोकं खाली गेलं, मग शेजारच्याचं. पडद्याच्या उजेडात तात्यारावांना माना झुकताना दिसत होत्या, एकामागून एक, फक्त त्यांच्या माणसांच्या. मागं खुर्चीत कुणीतरी निवांत शेंगा फोडत होतं.

मग जमिनीवरून एक आवाज आला. बारीक, घोगरा, म्हाताऱ्या माणसाचा.

"जोहार, मायबाप."

तो आवाज दत्तरावांचा होता. तात्यारावांचे सख्खे चुलते. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत घर जळालं तरी जळक्या वाशावर निळा झेंडा लावून बसलेला माणूस. पडद्यावर घोडे धावायला लागले होते, आणि तात्यारावांचा माईक अजून मांडीवरच होता. लोक ओरडायला लागले, "आवो तात्याराव, झोपलाव का?"

खेळ सुटल्यावर त्यांनी चुलत्याला गाठलं. "काका, तुमी काय बोललाव आत?"

दत्तराव वहाणा छातीशी धरून उभे होते. "मी? मी कशाला बोलू, बापू? बोलनार तू," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच काही आठवत नव्हतं.

६

संध्याकाळी तात्याराव व्यंकटरावांकडं गेले आणि सरळ म्हणाले, "पेटी परत धाडा."

व्यंकटराव माणूस चांगला होता. दंगलीच्या दिवसांत त्यांनी दोन घरं टॉकीजमध्ये निजायला ठेवली होती. "अवो, उद्याचा एकच खेळ ऱ्हायलाय. परवा धाडायचीच हाय. तुमाला बरं न्हाई का? नका येऊ. आमी बिनसांगायचाच लावतो."

बिनसांगायचा लावला तर काय होईल ते तात्यारावांनी दुपारीच बघितलं होतं. त्यांनी गप्प बसून काही भागत नव्हतं. जागा भरणारे तिथं पुष्कळ होते.

घरी आले तेव्हा मित्रा अंगणात कोपऱ्याला उभी होती. मुलाखत परवावर आलेली. काही झालं तरी तयारी करून घ्यावी म्हणून त्यांनी बाजेवर बैठक मारली आणि साहेबासारखा घसा खाकरला. एरवी या खेळात पोरगी त्यांना दोन उत्तरं जास्तीची देई आणि वर साहेबालाच प्रश्न विचारी.

"हां. या बाई. नाव काय तुमचं?"

मित्रानं उजवा हात तोंडापुढं धरला. आपला श्वास समोरच्याला लागू नये म्हणून धरतात तसा. तिनं असं कधी कुणाला करताना पाहिलेलं नव्हतं. पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"नाव सांग, मित्रा."

"तुमी म्हनाल ते, मायबाप," ती म्हणाली.

गीताबाईंच्या हातून सूप पडलं. कुसुमबाई भिंतीला धरून खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. तात्यारावांनी लेकीचे दोन्ही खांदे धरले, तिची मान हनुवटीला हात लावून वर उचलली. मान उचलली गेली, डोळे खालीच राहिले. या डोळ्यांनी ही मुलाखत देणार? पोरांना पाढे शिकवणार? मास्तरीण होणं तर दूरच, त्यांना त्या घटकेला एवढंच हवं होतं की तिनं त्यांच्याशी भांडावं. दोन दिवसांत घरातली भांडखोर पोरगी गेली होती आणि तिच्या जागी पन्नास वर्षांपूर्वीची कुणीतरी बाई उभी होती. आणि हे आपण केलं, टिंगल करायला गेलो आणि बोलावून आणलं, हे त्यांना कळून चुकलं.

७

शेवटच्या खेळाच्या दिवशी मित्रा घरात नव्हती. गीताबाई शेजारी विचारायला गेल्या, पण तात्यारावांना विचारायची गरज नव्हती. ते टॉकीजवर आले तेव्हा बायकांच्या बाजूला, भिंतीला लागून, सगळ्यांच्या पुढं ती बसलेली होती. हातात चपला.

खेळ सुरू झाला. तात्यारावांनी नेहमीसारखं सांगितलं, पण काय सांगितलं ते त्यांना स्वतःलाच ऐकू येत नव्हतं. त्यांचं लक्ष त्या बुटक्या भिंतीकडं होतं. मध्यंतर झालं. दिवे लागले, विझले. झाकण सरकलं. हात बाहेर आला.

बादशहा उभा राहिला आणि आवाज गेला.

आज तो फार जवळ वाटत होता. पडदा त्याला पुरत नव्हता. पट्ट्यांमधून दिसणारा चेहरा कोरडा, दात दिसतील इतका कोरडा, आणि त्यावर राग नव्हता, घाई नव्हती. हक्काचं येणं घ्यायला दारात उभ्या असलेल्या माणसाचा तो चेहरा होता. त्यानं मान डावीकडं वळवली.

तात्यारावांच्या जिभेवर शब्द आला. त्यांनी आणला नाही, तो आला. ओठ गोल झाले, माईक तोंडाशी गेला. कर्ण्यातून नुसतं "जो" एवढंच बाहेर पडलं आणि जमिनीवरच्या माना झुकायला लागल्या. दत्तरावांची झुकली. बायकांच्या बाजूला एकएक पदर पुढं ओढला गेला. मग मित्राची मान हळूहळू खाली जायला लागली. वाऱ्यानं नाही, कुणी दाबून नाही, आपली आपण.

ते बघून तात्यारावांना जसा राग आला तसा त्यांना आयुष्यात आला नव्हता. भीती कुठल्या कुठं गेली. हा कोण? कुठल्या वाळूतला, कुठल्या पेटीतला, माझ्या लेकीची मान खाली घालायला लावणारा हा कोण? टॉकीजमध्ये सगळा गाव खाली बसलाय आणि हा एकटा ताठ उभा. आणि अशा उभ्या माणसाला काय म्हणायचं हे तर त्यांना रोजच्या सवयीनं तोंडपाठ होतं. खुर्चीवाला उठला की ते म्हणत, बसा मालक. जमिनीवरचा कुणी उठला की म्हणत, बस रे. तात्यारावांनी बादशहाला जमिनीवरचं दिलं.

"ए, खाली बस की रे," ते माईकवर खेकसले. "मागच्यांना दिसना गेलंय."

पत्रा दणाणला. मग मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी ओरडलं, "हां, बस की बाबा खाली, कवाचा उबा हाय!" आणि त्यापाठोपाठ जमिनीवरून एक म्हातारा घोगरा आवाज, दत्तरावांचा, "बस रे, बस!"

पडद्यावर काय झालं ते तात्यारावांनी पूर्ण बघितलं नाही. बघायचा धीरही झाला नाही. त्यांना एवढंच दिसलं की उंच काळसर आकृतीचे गुडघे वाकले, कोरडं लाकूड मोडावं तसा बारीक आवाज झाला, आणि पडदा एकदम मोकळा झाला. भला मोठा, पांढरा, वाळू आणि आभाळाचा. मग बायकांच्या बाजूनं हसू आलं. सगळ्यांच्या वर जाणारं, मोठं, खिदळतं हसू. लेकीचं ते हसू तात्यारावांना डोळे मिटूनही ओळखता आलं असतं. त्यांनी माईक बाजूला धरला आणि बाहीनं डोळे पुसले. घोडे धावायला लागले तरी ते पुसतच होते, आणि लोकांनीही त्यांना काही म्हटलं नाही.

८

खेळ सुटला. तात्याराव दारात उभे राहिले. लोक वहाणा फटफटवत, एकमेकांना ढकलत, पुढच्या खेळाच्या गप्पा मारत बाहेर पडत होते. दत्तराव तर कुणालातरी ऐकवत होते की बादशहाला आपणच बसवला.

खुर्चीवाल्यांत भुजंगराव होते, झरीकडचे बागाईतदार, गावात आले की सिनेमा चुकवायचे नाहीत. ते तात्यारावांपाशी थांबले.

"बरं केलं तुमी आज त्याला बोललाव ते. परवा बी आसंच झालं व्हतं. माजा निम्मा सिनेमा गेला."

"कुणाला बोललो?"

"त्या उंच मान्साला. पडद्याच्या म्होरं उबा व्हता की. डोक्याला फडकं गुंडाळल्यालं. मला वाटलं टॉकीजचंच मानूस हाय, म्हून मी काय बोललो न्हाई."

तात्यारावांनी विचारलं, "मग बसला का?"

"बसला की लगीच. म्होरंच बसला, जमिनीवर. तुमच्या मान्सांच्या मदी."

"आणि उठला कवा?"

भुजंगरावांनी जरा आठवून बघितलं. "ते काय ध्यान दिलं न्हाई बा," म्हणाले, आणि बैलगाडीकडं निघून गेले.

तात्याराव पुन्हा आत गेले. जायलाच हवं होतं, माईक आतच राहिला होता. रिकाम्या जमिनीवर टरफलं आणि विड्यांची थोटकं. ते मधोमध जाऊन उभे राहिले आणि कान देऊन ऐकलं. कर्णा गप्प होता. पडदा म्हणजे एक ठिगळ लावलेलं धोतर, त्यापेक्षा जास्त काही नाही. पुढच्या रांगेत, जमिनीवर, एका जागी टरफलं अजिबात नव्हती. माणूस बसावं एवढी स्वच्छ जागा. बघायचं म्हटलं तर त्यात काय होतं? कुणीतरी फडकं अंथरून बसलं असेल आणि झटकून गेलं असेल. तात्यारावांनी तेवढ्यावर समाधान मानलं.

तरी त्यांनी माईक उचलला, बटण दाबलं आणि आपल्या रोजच्या आवाजात म्हणाले, "खेळ संपलाय. ज्यानं त्यानं आपापल्या घरी जायचं."

त्यांनी दिवा मालवला आणि वायर खांद्यावर टाकून बाहेर आले.

बाहेर बाजारासारखा गलका होता. मित्रा शेंगावाल्याशी भांडत होती. मापात अंगठा घालतोस म्हणून तिनं त्याला धरलं होतं, आणि तो बिचारा म्हणत होता की आवाज तरी हळू करा, बाई. ती काही हळू करत नव्हती. चार माणसं गोळा झाली होती. तिनं बापाला बघितलं, सरळ डोळ्यांत बघितलं, आणि भांडण न थांबवता त्यांनाच ओढलं, "दादा, तुमी सांगा, हे बरोबर हाय का?"

एरवी तात्यारावांनी चारचौघांत तिला गप्प केलं असतं. आज ते सायकलच्या दांडीवर रेलून उभे राहिले आणि भांडण संपेपर्यंत ऐकत राहिले.